धुऱ्यावरची माय

"पहिली प्रत तुझी," असं म्हणत पुण्याच्या प्रकाशनाच्या अनुजा मॅडमनी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये खोक्याची चिकटपट्टी कात्रीनं टरकावली आणि वरचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. नव्या शाईचा वास, गुळगुळीत जाड पानं, आणि वर इतकं देखणं चित्र की मी आधी नाव वाचलंच नाही. निळ्या-करड्या धुराचा उंच लोट आणि त्या लोटात तरंगणारी, डोळे मिटलेली एक बाई. तिचा पदर वितळत वितळत आभाळात गेलेला.

मग नाव वाचलं. धुरावरची माय.

"मॅडम, इथे य राहिला," मी म्हणाले.

"कुठे?"

"धुऱ्यावर पाहिजे. धुऱ्यावरची माय."

अनुजा मॅडम हसल्या. त्या आदल्या दुपारी पुण्याहून बसनं निघून सकाळी चंद्रपूरला उतरल्या होत्या आणि तरी त्यांच्या साडीला एक चुणी नव्हती. "अगं, मूळ कागदावर टायपो होता तो. आमच्या मुद्रितशोधकांनी पकडला. धुरावर."

"टायपो नाही मॅडम. धुरा."

"धुरा म्हणजे जबाबदारी ना? धुरा सांभाळणे. मग धुरेवर होईल, आणि ते काही ओळीत बसत नाही."

"धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला... तुमच्याकडे शेताचा बांध म्हणतात ना, तो. आम्ही त्याला धुरा म्हणतो. ती बांधावर उभी आहे."

अनुजा मॅडमचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण आतून कोणीतरी दिवा काढून नेल्यासारखं.

"प्रफुलनं तर काहीच म्हटलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मी पानं उलटली. पहिली दोन-तीन पानं बरोबर होती. पिवळी अजस्र मशीन, तिच्या तोंडातून सांडणारी माती, चष्मा घातलेला साहेब. आणि मग मधल्या दुपानी चित्रात तीच बाई. धुरात, हवेत, पायाखाली काही नाही. पुढच्या पानावर भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो आणि खाली मांडीवर गिटार घेऊन मान घालून बसलेला मुलगा. मागच्या बाजूला लिहिलं होतं : आईच्या वियोगाचं हळुवार चित्रगीत. वय वर्षे आठ ते बारा.

हळुवार.

मी तेव्हा आठवीत होते. हजेरी घेताना माझं 'येस मॅडम' पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. आता बारावीत आहे आणि भांडायला मला माइक लागत नाही, पण त्या दिवसाआधीची सलोनी ढवस म्हणजे वर्गातली भिंत. पुस्तकाच्या प्रकाशनाला वाचनासाठी माझी निवड झाली होती ती आवाजामुळे नव्हे, घरामुळे. ज्या बाईवर पुस्तकातलं गाणं होतं ती माझी मोठीआई, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आणि ज्यानं गाणं लिहिलं तो प्रफुलदादा तिचा मुलगा.

गाणं असं झालं. आमच्या गावाला कोळशाची खाण खेटून आहे, उघडी, आभाळाला आ वासलेली. मोठीआईच्या शेजारचे सगळी वावरं खाणीनं घेतली. तिचं राहिलं. मग एका सकाळी मशीन आली ती थेट तिच्या धुऱ्याशी. मोठीआई डबा घेऊन गेली आणि धुऱ्यावर उभी राहिली. मशीनवाला खाली उतरला, ती उभी. साहेब आला, ती उभी. पोलीसबाई आली, तिलाही मोठीआईनं विचारलं, चहा घेतला काय, आणि उभीच राहिली. शेवटी मशीन मागे गेली, प्रकरण कोर्टात गेलं. दादा तेव्हा पॉलिटेक्निकला होता. त्यानं आणि त्याच्या तीन दोस्तांनी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बँड काढला होता, नाव 'ढिगारा'. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे आमच्याकडे डोंगर झालेत, त्यावरून. त्या बँडचं पहिलं बरं गाणं हे.

बरं म्हणजे काय, कान फाटायचे. ड्रम असा वाजायचा की पोटात मशीन चालल्यासारखं वाटायचं, आणि दादा गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा :

येऊ दे तुझी मशीन, येऊ दे तुझा साहेब
माय उभी धुऱ्यावर
माय हालत नाही, हालत नाही, हालत नाही

गणपतीत, लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, सगळीकडे. आमच्या शाळेतली पाचवीची पोट्टीसुद्धा बाकं बडवत 'हालत नाही' म्हणायची. पुण्याच्या प्रकाशनानं त्याचं चित्रांचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मी स्वतः वाटले.

आणि आता एक अक्षर गेलं आणि ओळ काय झाली होती बघा. माय उभी धुरावर, माय हालत नाही. चित्रकार बाईंनी पुण्यात बसून ते वाचलं असेल तर त्यांना सरणच दिसणार. दुसरं काय दिसेल? त्यांच्यावर मला राग आलाच नाही. राग आला तो 'प्रफुलनं काहीच म्हटलं नाही' याच्यावर. म्हणजे त्यानं पाहिलंच नसणार, असं स्वतःला सांगत मी पुस्तक छातीशी धरून धावत सुटले.

दादा हॉलच्या मागे सायकल स्टँडजवळ गिटारच्या तारा पिळत बसला होता. नवा काळा शर्ट, केसांना जेल.

"दादा, हे पाह्यलं काय?"

"मस्त झालं ना?"

"नाव वाच."

तो तारेकडेच पाहत राहिला. "वाचलं."

"आत्ता?"

"नाही. मोबाइलवर आली होती फायनल फाइल. दिवाळीच्या आधी."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"चित्रं सगळे झाले होते वं. त्या बाईनं महिने घातले त्या चित्राले. एका य साठी आख्खं पुस्तक रद्द करा म्हणू काय?"

"एका य साठी नाही. मोठीआई मेली याच्यात. हार घातला तिले."

"अवं, कविता हाये ते. प्रतीक असते." त्यानं तार टणकन वाजवली. "पुण्यात लोक रडले वाचून. अनुजा मॅडम फोनवर रडल्या. आपलं गाणं ऐकून कोणी रडलं होतं काय आजपर्यंत?"

"नाही. आपलं गाणं ऐकून मोठा साहेब उठून गेला होता."

त्याचा चेहरा आकसला. "तुले समजत नाही सलोनी. मार्चमध्ये पुण्यात शो हाये, पुस्तकासोबत. मोठा हॉल, मोठी साउंड सिस्टीम. तीन वर्षं झाले, वरातीत वाजवून रायलो आम्ही. लोक नोटा फेकते अन् म्हणते, झिंगाट काहीतरी लाव." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् आईले दाखवू नको हे. मी सांगितलं तिले, प्रोग्राम उद्या हाये."

"मी सांगितलं, आज हाये. बाबा घेऊन येऊन रायले तिले गाडीवर."

दादा उठून उभा राहिला. मला वाटलं मारतो आता. पण तो इतकंच म्हणाला, "गप वाच अन् खाली ये. शहाणपणा करू नको."

गप वाच. म्हणजे नेमकं काय करू, हे मला आजवर कळलेलं नाही.

हॉल भरला होता. पुढे सतरंजीवर पाचवी-सहावी, मागे खुर्च्यांवर मोठी मुलं आणि पालक. मोठीआई जांभळ्या साडीत आली, डोक्यावरून पदर, आल्या आल्या बाबांना म्हणाली, "गाडी सावलीत लाव, सीट तापते." आमच्या मुख्याध्यापिका पाचभाई मॅडमनी तिला हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. "या पुस्तकाची खरी नायिका," असं त्या माइकवर म्हणाल्या तेव्हा टाळ्या वाजल्या. मोठीआईनं मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

अनुजा मॅडम बोलल्या. मला वाटलं होतं त्या चूक सांगतील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, दादाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की मातीतल्या शब्दांना जपणं हेच आमचं काम आहे. टाळ्या. बसताना त्या माझ्या नजरेला नजर देईनात.

मग माझं नाव पुकारलं. मागे पडद्यावर पुस्तकाची पानं दिसणार आणि मी वाचणार, अशी व्यवस्था. लॅपटॉपवर आमचे कॉम्प्युटरचे सर. मी माइकसमोर उभी राहिले.

"येऊ दे तुझी मशीन," मी वाचलं. पडद्यावर पिवळी मशीन आली. पाचवीतल्या कोणीतरी ड्रमचा आवाज तोंडानं काढला. "येऊ दे तुझा साहेब." साहेबाचा चष्मा पाहून पोरं हसली. मोठीआईसुद्धा हसली. "अगदी तसाच काढला वं," ती शेजारच्या बाईला म्हणाली.

पुढचं पान. माझ्या हातातल्या पुस्तकात काय छापलंय तिकडे मी पाहिलंच नाही.

"माय उभी धुऱ्यावर."

आणि हॉल उसळला. माय हालत नाही, हालत नाही, हालत नाही. पोरं सतरंजीवर हात आपटत होती, पालक हसत होते, पाचभाई मॅडमसुद्धा मान डोलावत होत्या. पडद्यावर चित्र जरा उशिरा आलं. मग आवाज पुढून मागे असा विरत गेला. आधी सतरंजी, मग खुर्च्या.

मोठीआई उठून उभी राहिली. "हे कोण व्हय वं, सलोनी?"

"तू."

"डोळे काऊन मिटले माहे?"

मी काही बोलायच्या आत सरांनी सवयीनं पुढचं पान लावलं. हार घातलेला फोटो. मागची दोन-चार मुलं खुसखुसली.

"अन् हार?" मोठीआई म्हणाली. "मेली काय मी?"

एसटी गेली काय, असं विचारावं तशा आवाजात विचारलं तिनं. रडवेली नाही, काही नाही. खरंच माहिती पाहिजे होती तिला.

"हो," मी माइकवर म्हणाले. "या पुस्तकात मेली."

"सलोनी," पाचभाई मॅडम म्हणाल्या, "पुढचं वाच बाळा."

"नाही मॅडम."

माझा तो 'नाही' चारही स्पीकरमधून माझ्याकडे परत आला आणि मला तो फार आवडला. मग मी थांबलेच नाही. "इथे धुऱ्यावरच्या जागी धुरावर छापलंय. मोठीआईच्या पायाखालचा धुरा काढून घेतला आणि धूर दिला. ज्यांनी धुरा कधी पाहिला नाही त्यांनी चित्र काढलं, त्यांची चूक नाही. पण दादानं पाहिलं होतं. दिवाळीच्या आधीच पाहिलं होतं. त्याला माहीत होतं की त्याची आई मेलेली दाखवलीय, आणि तो म्हणतो की कविता हाये. कविता नाही ती. ते भांडण आहे. आम्ही भांडलो त्याचं गाणं आहे, आणि मागे लिहिलंय हळुवार."

"सलोनी, खाली ये," आता पाचभाई मॅडमचा आवाज चढला.

"येते. आधी दादाला वर येऊ द्या."

सगळ्या माना दादाकडे वळल्या. तो दाराशी गिटार धरून उभा होता. स्टेजपर्यंत आला, पण पायऱ्या चढला नाही. "आई," तो म्हणाला, "गैरसमज करू नको. चित्रात मेलं म्हणजे माणूस मरत नाही."

मोठीआई त्याच्याकडे पाहत राहिली. "खाणीचा सर्व्हेवाला येते ना धुऱ्यावर, तो पोरगा, तुले माहीत हाये?"

"आई, ते आत्ता कशाले?"

"ऐक. येते अन् विचारते, मावशी, तब्येत कशी हाये. बीपीची गोळी घेता काय. उन्हात कायले उभ्या रायता. मी म्हणो, चांगल्या घरचा हाये बिचारा. ताक देत होती त्याले." ती बोलत होती ते माइकशिवाय, आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होतं. "मंग एक दिवस तो फोनवर बोलत होता. त्याले वाटलं मी दूर हाव. म्हणे, म्हातारी हाये तोवर थांबा साहेब. मंग पोरगा वावराच्या कागदावर सही करते."

दादानं मान खाली घातली.

"मी तुले सांगितलं नाही. म्हटलं, पोराले वाईट वाटन. अन् म्हटलं, माहा पोरगा काही सही करत नाही." तिनं पडद्याकडे बोट केलं. हाराकडे. "इथं तं तू केली."

इतका वेळ मी रागात होते, पण माझा राग पुस्तकावरचा होता, शब्दावरचा. तो त्या सहीवर असायला पाहिजे होता हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी माइकपासून मागे सरले.

दादाच्या हातातली गिटार खुर्चीला लागून वाजली.

अनुजा मॅडम उठल्या. त्यांनी पदर खोचला, तो मी त्या दिवशी पहिल्यांदाच खोचलेला पाहिला. "मावशी," त्या म्हणाल्या, "चूक आमची आहे. मला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं आणि मी माइकवर बोलले नाही, तीही माझीच. आम्ही प्रत्येक पुस्तकात शुद्धिपत्र घालू. म्हणजे एक चिठ्ठी असते, तिच्यात लिहू की हा शब्द असा वाचावा."

"चिठ्ठी?"

"हो. आत चिकटवून."

"अन् ते चित्र?"

अनुजा मॅडम पर्सचा पट्टा सारखा करू लागल्या.

"चिठ्ठी वाचून मी खाली उतरन काय धुरातून?" मोठीआई म्हणाली. "पोट्टे चिठ्ठी वाचत नाही बाई. चित्र पाहते. पेन हाये काय कोणापाशी?"

दहा-बारा कंपासपेट्या उघडल्या. पण अनुजा मॅडमनीच पर्समधून जाड काळा मार्कर काढला. कार्यक्रमानंतर दादा पुस्तकांवर सह्या करणार होता, त्यासाठी आणलेला. मी स्टेजवरून उतरले, माझ्या हातातलं पुस्तक मोठीआईला दिलं आणि ती सतरंजीवर पोरांच्या मधोमध मांडी घालून बसली. मधलं दुपानी चित्र उघडलं. गुळगुळीत पान सारखं मिटत होतं.

"प्रफुल," तिनं हाक मारली. "धर पान. हालू देऊ नको."

दादानं गिटार भिंतीला टेकवली. नवा काळा शर्ट घालून गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी पुस्तकाच्या कडा दाबून धरल्या. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकायला आला होता, तो पुसायला त्यानं हात काढला नाही.

मोठीआईनं मार्कर मुठीत धरला, खुरपं धरतात तसा, आणि त्या तरंगणाऱ्या बाईच्या पायाखाली टेकवला. रेघ काढायला लागली. मला वाटलं सरळ रेघ ओढेल. पण ती मध्येच खाली गेली. "इथं पाणी कापते," मोठीआई स्वतःशीच म्हणाली. मग रेघ वर आली. "इथं गोटा हाये. इथं बोरीचं झाड, ते मी नाही तोडू देल्लं." पोरं माना घालून पाहत होती. धुरातल्या बाईच्या पायाखाली जाड काळी जमीन येत गेली आणि तेच चित्र, तेच मिटलेले डोळे, पण बाई आता उभी दिसायला लागली. डोळे मिटून, उन्हात, रागात.

"दुसरं दे," मोठीआई म्हणाली.

अनुजा मॅडमनी स्वतः खोकं ओढत आणलं. दुसरं झालं. तिसरं झालं. दादा एक पुस्तक सोडायचा, पुढचं धरायचा, बोटं काळी झाली होती त्याची. मी पानं उघडून देत होते. माझ्या मनातून तो अजून उतरलेलाच होता, पण खाली बसलेला होता आणि हात हलत नव्हते, तेवढं मी पाहिलं.

चौथ्या पुस्तकात मार्करला चांगली धार आली आणि मोठीआईची रेघ बाईच्या पायाखालून निघाली ती घडी ओलांडून चित्राच्या दुसऱ्या पानावर गेली, जिथे धुरात गाण्याच्या ओळी छापल्या होत्या. अनुजा मॅडम पुढे झुकल्या.

"मावशी, जरा अलीकडे थांबाल का? तिकडे मजकूर आहे."

मोठीआईनं वर पाहिलं नाही. रेघ 'धुरावर' वरून तशीच पुढे नेली, पानाच्या कडेपर्यंत.

"असू द्या," ती म्हणाली. "आमचा धुरा तिथवर हाये."